घाटाच्या पायथ्याचे स्टेशन



मुंबईहून पुण्याकडे निघालेली मेलगाडी कर्जतला का थांबते, हा प्रश्न आपल्या गावातल्या कोणत्याही शाळकरी पोराला विचारावा. तो खेळ न थांबवता उत्तर देईल: "मागं एंजिन लावायला." या एवढ्याशा उत्तरात आपल्या गावाचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. पुढच्या एंजिनाला एकट्याने बोरघाट चढवत नाही, म्हणून गाडी थांबते. गाडी थांबते म्हणून फलाटावर वडेवाला उभा राहतो. वडेवाला उभा राहतो म्हणून पहाटे कोणाच्या तरी घरी बटाटे उकडायला पडतात. इतर गावे नदीच्या उतारावर वसली, बाजारपेठेवर वाढली, देवळाच्या यात्रेवर जगली. उल्हास नदी आपल्याही उशाला आहे. पण कर्जत वाढले ते एंजिनाच्या दुबळेपणावर. हे मी थट्टेने म्हणत नाही.

माझे वडील याच यार्डात पॉइंट्समन होते. मी मात्र रेल्वेत लागलो नाही. नववीनंतर शाळा सुटली आणि एकोणिसाव्या वर्षी ठाण्याच्या एका कारखान्यात लागलो. जाता-येता रोजचे पावणेतीन तास लोकलमध्ये जात. गावच्या वाचनालयाची पुस्तके मी त्या वेळात वाचली, युनियनची पत्रके त्या डब्यात लिहिली आणि माणसे ओळखायलाही तिथेच शिकलो. तेव्हा मी सांगणार तो इतिहास डब्यात बसून, पुष्कळदा उभे राहून, पाहिलेला आहे. एंजिने, बोगदे आणि पूल त्यात येतीलच. परंतु माझी नजर राहून राहून दोन गोष्टींवर जाईल. एक माणसाची मजुरी आणि दुसरी माणसाचा वेळ. युनियनच्या माणसाची ही खोड आहे, ती आपण सांभाळून घ्यावी.

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे सर्वांना पाठ आहे. पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला आणि १८५६ च्या मे महिन्यात आपल्या शिवारातून पळसदरीवरून खोपोलीपर्यंत गेला. तिथे मात्र डोंगर आडवा आला. वर खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ च्या जून महिन्यात सुरू झाला. मधला घाट तेवढा उरला. त्या काळी पुण्याला जाणारा उतारू खोपोलीस गाडीतून उतरे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे.

घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. जी. आय. पी. रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनी तो आखला. पण उद्घाटनाआधीच, १८६२ साली, ते वारले. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढण. कठीण जागी सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. खंडाळ्याच्या अलीकडे एके ठिकाणी तर वळण घ्यायलाही जागा उरली नाही. तिथे गाडी एका कड्याच्या टोकापर्यंत नेत, एंजिन सोडून दुसऱ्या बाजूला लावत आणि उलट्या तोंडाने पुढची चढण चढत.

हे आकडे पुष्कळ पुस्तकांत सापडतात. ते खोदले कसे, ते मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. लांब बोगदा खोदताना वरून विहिरीसारखे खड्डे पाडून एकाच वेळी चार-सहा तोंडांनी काम चालवण्याची पद्धत असते. इथे डोंगर इतका उभा की ती सोय नव्हती. म्हणजे प्रत्येक बोगदा केवळ दोन टोकांकडून, काळ्या पाषाणात, हाताने सुरुंगाची भोके पाडून आणि दारू ठासून उडवायचा. काही कड्यांवर पाय ठेवायलाही जागा नसे. तिथे मजुराला दोर बांधून वरून खाली सोडत आणि तो अधांतरी लोंबकळत पहारीने पहिली खाच पाडी. पावसाळ्यात काम बंद पडे, कॉलऱ्याच्या साथी येत. १८६१ साली या घाटात ४२,००० हून अधिक माणसे कामाला होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. आजही आपल्या कर्जत गावाची लोकसंख्या एवढी आहे की नाही, असा प्रश्न पडावा! आणि त्या सात-आठ वर्षांत मेले किती? अभ्यासकांचा एक अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास जातो. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

एका बाईचे नाव मात्र राहिले आहे, आणि ते राहावे असेच आहे. पहिला कंत्राटदार फॅविएल याने १८५९ साली काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार आला आणि आल्यावर काही आठवड्यांतच आजाराने मेला. त्याची पत्नी ॲलिस मागे राहिली. तिने मायदेशी परतण्याऐवजी नवऱ्याचे कंत्राट स्वतः पुरे करण्याचे ठरवले. ॲडमसन आणि क्लाउझर या दोघा अभियंत्यांना व्यवस्थापक नेमले आणि काम तडीस नेले. त्या कामाची छायाचित्रेही तिने काढली. शे-सव्वाशे वर्षे तिचे नाव कोणाला आठवत नव्हते. पुरुष कंत्राटदारांच्या इतिहासातही अशी विस्मृती चालते, तिथे पाट्या वाहणाऱ्या बाईचे काय?

पण फॅविएलने काम सोडले का? इथे आमच्या, म्हणजे कामगारांच्या, इतिहासाचे एक पान आहे आणि ते आपल्या गावाच्या माथ्यावरच लिहिले गेले. जानेवारी १८५९ मध्ये घाटातल्या मजुरांनी दंगा केला. कारण साधे होते: मजुरी थकली होती. मुख्य कंत्राटदार, त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्याच्या हाताखाली मुकादम, आणि त्या सर्व चाळण्यांतून गाळून उरेल ते मजुराच्या हाती. युरोपियन देखरेखनिसांवर हल्ला झाला, त्यात एक जण दगावला. चौकशी झाली आणि मजुरांची तक्रार पोकळ नव्हती असे दिसून आले. फॅविएलचे कंत्राट संपले.

मग सरकारने काय केले? १८६० साली एक कायदा केला, मालक व कामकरी यांच्या तंट्यांचा. रेल्वे, कालवे अशा कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत, असे त्यात होते. मजुराची सोय झाली असे वाटेल. परंतु त्याच कायद्याने काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात घालण्याची वाट करून दिली. मजुरी थकवणाऱ्या मालकाला मात्र तुरुंग नव्हता. करार दोघांनी केलेला. मोडला तर एकाला दिवाणी दावा आणि दुसऱ्याला बेडी. हा कायदा १९३२ पर्यंत जिवंत होता. ठरल्या तारखेच्या आत पगार दिलाच पाहिजे, असे सांगणारा वेतनाचा कायदा १९३६ साली झाला. घाटातल्या दंग्यापासून मोजले तर ७७ वर्षे.

या ७७ वर्षांचा अर्थ मला पुस्तकातून कळला नाही. माझ्या कारखान्यात एकदा सलग तीन महिने पगार थकला होता. कायदा हाताशी होता, कलम तोंडपाठ होते, तरी पहिल्या महिन्यात माणसे गप्प राहिली. दुसऱ्या महिन्यात लोकलचे पास निघेनासे झाले. तिसऱ्या महिन्यात फाटकाशी आरडाओरडा झाला आणि वर्तमानपत्रात कामगारांच्या "बेशिस्तीची" बातमी आली. तेव्हा मला घाटातले ते मजूर आठवले. त्यांच्याकडे तर कलमही नव्हते.

असो. वाफेच्या दिवसांबद्दल फार बोलत नाही. मागून ढकलणारी एंजिने, उतारावर ब्रेकांची धास्ती आणि १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला तो प्रसंग, एवढे सांगितले म्हणजे पुरे. १८९१ साली आपला तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाब्याला जोडला, हीसुद्धा एक गंमतच. कचेरीच्या कामाला समुद्राकाठचे अलिबाग आणि पोटाच्या कामाला मुंबई, अशी आपली दोन तोंडे दोन दिशांना झाली. कुलाब्याचे रायगड झाले, पण तोंडे तशीच राहिली.

खरे आधुनिकीकरण म्हणतात ते विजेचे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विजेची गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली. १९२९ साली वीज घाट चढून पुण्याला पोहोचली. त्याच वेळी मार्गाची आखणी बदलून ते उलट्या तोंडाने चढायचे ठिकाणही रद्द केले. स्वित्झर्लंडच्या आराखड्याची मालगाड्यांची एंजिने आली. लांब नाकाची, खालून जोडदांड्यांची. युरोपात त्यांना मगर म्हणत, आपल्या लोकांनी खेकडा म्हटले. वडील सांगत की खेकडा चढणीला लागला म्हणजे भांडी वाजत नसत, पण जमीन हलल्यासारखी वाटे. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, आणि मुंबई-पुणे प्रवासाची सारी शान तिच्या नावाशी जोडली गेली.

डेक्कन क्वीनच्या प्रत्येक वाढदिवसाला केक कापतात. कापावा, गाडी गुणाची आहे. पण त्याच १९३० सालच्या ४ फेब्रुवारीला, म्हणजे या राणीच्या आगमनाच्या चार महिने आधी, जी. आय. पी. च्या कामगारांनी पगार आणि नोकरकपात या प्रश्नांवर संप पुकारला होता. तो यशस्वी झाला नाही. मात्र त्याच वर्षी रेल्वे कामगारांच्या तासांना प्रथम कायद्याने मर्यादा पडली. ती किती? सलग काम करणाऱ्याला आठवड्याला ६० तास आणि ज्याचे काम "अधूनमधून" असते असे ठरवले त्याला ८४ तास! आठवड्याचे सातही दिवस रोज बारा तास भरले म्हणजे ८४ होतात. फाटकवाला बहुधा या "अधूनमधून"मध्ये पडे. दोन गाड्यांच्या मधे तो रिकामा असतो, असे कायद्याचे म्हणणे. तो रिकामा असतो हे खरे. पण घरी जाऊ शकत नाही, झोपू शकत नाही, आणि त्याचे लक्ष क्षणभर ढळले तर खटला होतो. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी निवाडा दिला, तेव्हा ६० चे ५४ झाले आणि ८४ चे ७५. न्यायमूर्तींचे नाव माझ्या वडिलांच्या पिढीत आदराने घेतले जाई. १९७४ च्या मे महिन्यात देशभरचे रेल्वे कामगार वीस दिवस संपावर गेले तेव्हाही आठ तासांचा दिवस ही एक मागणी होतीच. वाट पाहण्याचा वेळ हा कामाचा वेळ आहे की नाही, हा प्रश्न ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

विजेविषयी आणखी एक सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मुंबईला उजेड देणारी वीज आपल्याच डोंगरांच्या पाण्यावर तयार होई, १९१५ पासून खोपोलीला आणि १९२२ पासून भिवपुरीला. तारा आपल्या शेतांवरून गेल्या आणि वाड्यापाड्यांत चिमण्या तेवत राहिल्या. १९४२ साली माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने त्याच तारांचे मनोरे पाडले, ते उगीच नव्हे. मुंबईचे कारखाने कोणत्या धाग्यावर लोंबकळत आहेत हे डोंगराखालच्या माणसांना नेमके ठाऊक होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मा झाले.

स्वातंत्र्यानंतर, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, जी. आय. पी. चे नाव जाऊन मध्य रेल्वे झाली. परंतु आपल्या गावाच्या दृष्टीने त्यानंतरचा मोठा फेरफार कोणत्याही एका तारखेला झाला नाही. मुंबईत राहणे गिरणी कामगाराला, कारकुनाला, नर्सला परवडेनासे झाले आणि माणसे एकेक स्टेशन मागे सरत गेली. प्रथम डोंबिवली, मग अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ आणि शेवटी आपण. जे स्टेशन घाट चढणाऱ्यांचे होते ते रोज जाऊन येणाऱ्यांचे झाले. मुंबईची वेस वाढत वाढत घाटाच्या भिंतीला टेकली. डबे नवाचे बारा झाले. १,५०० व्होल्टची जुनी वीजपद्धत बदलून २५,००० व्होल्टची करण्याचे काम मुंबई विभागात २०१५ च्या जूनमध्ये पुरे झाले. हे सगळे चांगले झाले, आवश्यक होते, आणि त्यासाठी रात्री-बेरात्री तारांखाली राबलेल्या माणसांचे ऋण आपण मानले पाहिजे.

आता आमचा युनियनवाल्यांचा हिशेब मांडतो. कर्जत ते बोरीबंदर शंभर किलोमीटर, लोकलने दोन तास. जाऊन येऊन चार. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले आणि नोकरी तीस वर्षांची धरली तर होतात ३६,००० तास. आठ तासांचा एक दिवस या मापाने ते ४,५०० दिवस, म्हणजे पुन्हा तीनशेने भागले तर पंधरा वर्षांची नोकरी. तीस वर्षे काम करणारा माणूस प्रत्यक्षात पंचेचाळीस वर्षांचे काम करतो आणि त्यांतली पंधरा बिनपगारी, बहुतेक उभ्याने. आम्ही वाटाघाटींना बसतो तेव्हा या पंधरा वर्षांना टेबलावर जागाच नसते. फाटकवाल्याचा वेळ निदान "अधूनमधून" म्हणून तरी मोजला गेला होता.

माझा एक सोबती होता. नाव सांगत नाही. घरची माणसे गावातच आहेत. सकाळच्या पाळीला जाताना गर्दीत दारातून पडला आणि गेला. मी भरपाईचा अर्ज लिहिला. कारखान्याचे उत्तर दोन ओळींचे होते: कामगार अपघातसमयी कामावर नव्हता. कामावर नव्हता तर हातात डबा आणि खिशात कारखान्याचे ओळखपत्र घेऊन तो पहाटे साडेपाचला कोठे निघाला होता? हा प्रश्न मी विचारला. पण तेव्हाचा कायदा त्यांच्या बाजूचा होता आणि मी हरलो. २०१० साली कामगार राज्य विमा कायद्यात नवे कलम आले: घर ते काम या वाटेवरचा अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, नोकरीतलाच मानावा. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने कामगार भरपाईच्या कायद्यालाही तेच तत्त्व लावले. ते प्रकरण महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचे होते. २००३ साली कामावर जाताना तो वाटेत मेला होता. निकाल वाचला त्या दिवशी मी माझा जुना अर्ज कपाटातून काढून पाहिला. कागद पिवळा पडला होता, मजकूर मात्र चुकीचा नव्हता.

त्याच २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळच्या वळणावर कर्जतहून मुंबईला जाणारी आणि मुंबईहून कसाऱ्याकडे जाणारी अशा दोन लोकल शेजारून गेल्या, आणि दारांत लटकलेली माणसे एकमेकांना घासून खाली पडली, दगावली. त्यानंतर लोकलना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे ठरले. दारे हवीतच. पण दारात लटकणारा माणूस हौसेने लटकत नव्हता. त्याला आत जागा नव्हती आणि ही गाडी चुकली तर त्याचा खाडा लागणार होता.

आता घाटाकडे पुन्हा वळू. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी सुरू झाली. तिच्या डब्याडब्यांखाली मोटारी आहेत, त्यामुळे ती घाट आपल्या बळावर चढते. मागून ढकलणारे एंजिन तिला नको. कर्जतला ती थांबत नाही. तांत्रिक दृष्ट्या ही प्रगतीच आहे. सन १८६३ पासून ज्या अडचणीवर आपण जगलो ती अडचण एका गाडीपुरती तरी मिटली. पहिल्या दिवसांत मी फलाटावर उभा होतो. गाडी येण्याची घोषणा झाली तसा सवयीने एक वडेवाला टोपली घेऊन पुढे झाला आणि गाडी गेल्यावर टोपलीवरचे फडके नीट करून मागे सरला. उद्या सगळ्याच गाड्या अशा झाल्या तर बँकर एंजिनावरच्या माणसांचे, जोडणी-सोडणी करणाऱ्यांचे आणि त्या टोपलीचे काय, हे कोणी तरी आजच विचारून ठेवले पाहिजे. वाफेची एंजिने गेली तेव्हा कोळसा टाकणाऱ्यांना कोणी आगाऊ विचारले नव्हते.

दुसरीकडे, २०१६ साली मंजूर झालेल्या योजनेतून पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग हाती घेतला गेला. साडेएकोणतीस किलोमीटर, तीन बोगदे. त्यांतला वावर्ल्याचा एकटा २.६ किलोमीटरचा. बोरघाटाच्या जुन्या पंचवीस बोगद्यांची लांबी एकत्र केली तरी साडेतीन किलोमीटरांच्या थोडी वर जाते. नवी मुंबईला नोकरीस जाणाऱ्याला कल्याण-ठाण्याचा वळसा वाचवणारा हा मार्ग आहे. आमच्या त्या पंधरा वर्षांतली दोन-चार वर्षे जरी परत मिळाली तरी मी या बोगद्याला नमस्कार करीन. भीती एकच. वाट जवळ झाली की जागेचे भाव चढतात आणि माणसे पुन्हा एक स्टेशन मागे सरतात. आपल्या मागे मात्र आता डोंगर आहे.

दर वर्षी पावसाळ्याच्या आधी एक टोळी घाटात जाते. कड्यावरचे सैल झालेले दगड पावसाने रुळांवर येण्यापूर्वीच पाडून टाकायचे, हे तिचे काम. ही माणसे कमरेला दोर बांधून वरून खाली उतरतात आणि लोंबकळत पहारीने दगड हलवतात. संध्याकाळी ती कधी कधी आपल्याच फलाटावर दिसतात: हातपाय धुळीने पांढरे, दोराची वेटोळी शेजारी ठेवलेली, आणि खालच्या लोकलची वाट पाहत बसलेली.